कॉलर माइक एकच होता ते बरंच झालं

"दादा नमस्कार, मी कोल्हापूरची, मास कॉमच्या लास्ट इयरला आहे. फायनल प्रोजेक्ट म्हणजे शॉर्ट फिल्म, टायटल धरून जास्तीत जास्त १० मिनिटं. मी लव्हस्टोरी घेतली. कॉलेजातली दोघं, तो शेवटच्या दिवशी रंकाळ्यावर तिला विचारतो, ती लगेच उत्तर देत नाही, एवढीच गोष्ट. एक भाड्याचा कॅमेरा आणि दोन फोन घेऊन तीन दिवसांत शूट केलं. आता रफ कट २१ मिनिटांचा झालाय आणि सरांनी बघून एकच वाक्य टाकलं, दोघं बोलतायत नुसती, प्रेम कुठंय? त्यात कॉलर माइक एकच होता तो हिरोला लावला, त्यामुळे हिरोइनचा आवाज वाऱ्यात आणि हॉर्नमध्ये गेलाय. रीशूट होणार नाही कारण शूटनंतर दोघांचं काहीतरी बिनसलं, आता बोलत पण नाहीत एकमेकांशी. १९५८ चं एक जुनं हिंदी गाणं लावायचं डोक्यात आहे, मित्र म्हणतो ३० सेकंदांपर्यंत चालतं. आणि शेवटचा मिठीचा शॉट, हिरोइन म्हणते इन्स्टावर नको, हिरो म्हणतो तोच तर टाकायचाय. १२ दिवस राहिलेत. लिंक पाठवतेय, प्लीज बघा.
रंकाळ्यावर अडकलेली
ता. क. रंकाळ्याच्या सीनचा टेक ३ वापरला नाही, त्यात ओढणी डाव्या खांद्यावर आहे आणि बाकी सगळीकडे उजव्या."

अगं अडकलेली, बघितली तुझी फिल्म. दोनदा बघितली, एकदा आवाजासकट आणि एकदा रात्री एक वाजता सगळे झोपल्यावर आवाज पूर्ण बंद करून, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्यांदा जास्त आवडली. सरांचं म्हणणं खोटं नाहीये पण अर्धंच खरं आहे. प्रेम आहे तुझ्या फिल्ममध्ये. १३ मिनिटं ४० सेकंदांला सुरू होतं आणि साधारण दीड सेकंदात तू ते कापून टाकतेस.

कुठला शॉट म्हणतोय ते आलं का लक्षात? रंकाळ्याच्या कट्ट्यावर दोघं बसलेत, मध्ये कागदाच्या पुडीत शेंगा, तो सांगतोय की मला पुण्याला नोकरी लागली, सोमवारी जॉइन व्हायचंय, आणि ती खाली बघून शेंग सोलतेय. शेंग फुटते, आणि ती दाणे खाली टाकते आणि टरफल हातात ठेवते. नटीने मुद्दाम केलं का चुकून झालं मला माहीत नाही, बहुतेक चुकूनच, कारण पुढच्या क्षणी तिचं तिलाच कळतं आणि ओठाचा एक कोपरा हलतो. आणि तिथे तू काय करतेस तर धाडकन हिरोवर जातेस, का, तर त्याचा डायलॉग सुरू झाला म्हणून!

पूर्ण २१ मिनिटं तू हेच केलंयस. जो बोलतोय त्याचा चेहरा. तो बोलला की तो, ती बोलली की ती, पुन्हा तो, जसं काही टेबल टेनिसची मॅच चाललीय. सगळे नवे एडिटर हे करतात, मीही केलंय, आणि त्यात तुझा दोष कमी आणि स्क्रिप्टचा जास्त, कारण स्क्रिप्टमध्ये फक्त बोलणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं, ऐकणाऱ्याचं कुणी लिहीतच नाही. पण लव्हस्टोरीत ऐकणाऱ्याचा चेहराच बघायचा असतो गं. तो काय बोलणार हे प्रेक्षकाला आधीच माहीत आहे, पोस्टरवरूनच कळलंय, त्याला बघायचंय की तिच्यावर ते कसं पडतं. आम्ही सिरियलचे एडिटर एकेक रिअ‍ॅक्शन तीनतीनदा मारतो त्यावर लोक हसतात, हसू देत, पण रिअ‍ॅक्शन मारतो म्हणूनच आजी लोक भाजी निवडता निवडता मान वर करून बघतात.

आता गंमत बघ. कॉलर माइक एकच होता म्हणून तू रडतेयस. माइक हिरोला होता, म्हणजे त्याचा आवाज स्वच्छ आहे, आणि तोंड तिचं चांगलं आहे. मग त्याचा आवाज आणि तिचं तोंड, अजून काय पाहिजे? रंकाळ्याच्या सीनमध्ये हिरोच्या खांद्यावरून घेतलेला तिचा जो क्लोज आहे, टेक ३, तो अख्खा टाइमलाइनवर टाक आणि त्याच्याखाली हिरोचा ट्रॅक लाव. नुसता असाच बघ एकदा, एकही कट न मारता. मग जिथे अगदी राहवत नाही तिथेच हिरोवर जा, माझ्या अंदाजाने चार ठिकाणी जावं लागेल, पाचव्या ठिकाणी जायचा मोह होईल तिथे हात मागे घे. आणि जातानाही त्याचं वाक्य सुरू झाल्या झाल्या जाऊ नकोस, आधी आवाज येऊ दे आणि मग चित्र बदलू दे, किंवा चित्र आधी बदलू दे आणि आवाज मागून ओढत येऊ दे. याला 'J' कट आणि 'L' कट म्हणतात, पुस्तकात वाचलं असशील, पण तुझ्या टाइमलाइनवर सगळे कट आवाज आणि चित्र एकाच जागी सरळ कापलेले दिसतायत, कढीपत्त्याची जुडी कापावी तसे.

तिच्या वाट्याला त्या सीनमध्ये सहा वाक्यं आहेत. मी मोजली. त्यातली चार काढून टाक, खरंच काही बिघडत नाही. "अरे वा, छान झालं की" हे वाक्य तर काढच, कारण तेच सगळं ती टरफलाने बोललीय. राहिली दोन, ती डब करून घे. दोघं एकमेकांशी बोलत नसली म्हणून काय झालं, डबिंगला दोघांना एकत्र बोलवायचंच नसतं! तिला एकटीला बोलव, तिच्याच सोयीने. स्टुडिओ नको, घरात कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट असेल तर त्याची दारं उघडून त्याच्यासमोर उभी कर, नाहीतर सरळ डोक्यावरून गोधडी घ्यायची दोघींनी, पंखा बंद, फ्रिज बंद, फोन एअरप्लेन मोडवर टाकून त्यातच रेकॉर्ड करायचं, तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा बाजूला धरून, म्हणजे प-फ-भ चे फटके बसणार नाहीत. कॉलर माइक मिळाला तर अजून बरं. मूळचा घाण आवाज तिच्या एका कानात इअरफोनने लाव, त्याला आम्ही पायलट म्हणतो, त्याच्यावरून तिला तोच वेग पकडू दे. आणि लिप सिंक जमलं नाही तर घाबरू नकोस, ती दोन वाक्यं तिच्या पाठमोऱ्या शॉटवर किंवा हिरोच्या चेहऱ्यावर टाक. मग तो ऐकणारा होतो. तेच पाहिजे आपल्याला.

फक्त डब केलेला आवाज एकदम आंघोळ करून आल्यासारखा स्वच्छ वाटतो, खोटा, बाकीच्या आवाजात बसत नाही. त्यासाठी एक संध्याकाळ खर्च कर. शूट केलं त्याच वेळेला त्याच कट्ट्यावर एकटी जाऊन बस आणि नुसता आवाज रेकॉर्ड कर, सलग पाच मिनिटं, काही न बोलता. पाणी, लांबचे हॉर्न, भेळवाल्याची पातेल्यावर वाजणारी पळी, पोरांची ओरड, सगळं येऊ दे. फोनवर एखादा जाड लोकरी मोजा चढव, वारा बराचसा अडतो. हा अँबियन्स पूर्ण सीनखाली एकसलग अंथर म्हणजे कट कुठे झाला ते कानाला कळणार नाही. आत्ता तुझ्या प्रत्येक कटला मागचा आवाज बदलतो, वारा सुरू, वारा बंद, वारा सुरू, प्रेक्षकाला कळत नाही काय खटकतंय पण तो सीनमधून बाहेर पडतो. हिरोच्या ट्रॅकवर थोडी घरघर आहे ती लो कटने जाईल, ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापून टाक. आणि वेळ उरला तर घरी बसून शेंगा सोलायचा आवाज वेगळा घे आणि त्या क्षणाला लाव, टच्च असा, मिक्समध्ये एक पायरी वर. लोकांचं लक्ष बरोबर हातावर जाईल.

हो, आणि फोनवरच्या लांब टेकमध्ये आवाज हळूहळू पुढे सरकलाय ते तुझ्या लक्षात आलं नसेल. सुरुवातीला ओठ बरोबर आणि चौथ्या मिनिटाला ओठ एकीकडे शब्द एकीकडे. फोन बऱ्याचदा फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेमा, एकसारखा ठेवत नाही, मनाला येईल तसा कमीजास्त करतो, म्हणून होतं. त्या क्लिप हँडब्रेकसारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट फ्रेमरेटला काढून घे आणि मग सिंक कर.

दोघांचं भांडण झालंय त्याचं तू जास्तच टेन्शन घेतलंयस. भांडण मिटवायला जाऊ नकोस, ते तुझं काम नाही आणि १२ दिवसांत तर नाहीच नाही. शंभर वर्षं होऊन गेली, रशियात लेव्ह कुलेशोव नावाचा एक माणूस होता, त्याने एका नटाचा एकच क्लोजअप घेऊन एकदा सूपच्या बशीला जोडला, एकदा शवपेटीला, एकदा एका बाईच्या शॉटला, आणि बघणाऱ्यांना वाटलं वा काय नट आहे, इथे भूक, इथे दुःख, इथे ओढ! नट बिचारा तिन्ही वेळा तोच, तेच तोंड. म्हणजे दोन माणसं प्रेमात आहेत हे त्या माणसांना माहीत असण्याची सुद्धा गरज नसते, टाइमलाइनवर शेजारी शेजारी बसली की झालं. तुला पॅच शूट करायचंच असेल तर त्या दोघांशिवाय कर. शेंगा सोलणारे हात, जमिनीवर पडलेली टरफलं, कट्ट्यावरून लोंबकळणारे पाय, पाणी. हात कुणाचेही चालतात, फक्त बांगडी तीच घे आणि ड्रेसची बाही जुळव, आणि नेलपेंट विसरू नकोस, नेलपेंटवरून पकडलेले लोक मी बघितलेत.

अजून एक काम कर, सगळ्या रशेस, म्हणजे न कापलेलं फुटेज, पुन्हा बघ, पण ॲक्शन म्हणायच्या आधीचं आणि कट म्हटल्यानंतरचंच बघ. तुम्ही लोक कॅमेरा लवकर चालू करता आणि उशिरा बंद करता, आणि मधल्या भागात नट अभिनय करतात, कडेच्या भागात माणसं असतात. तेव्हा तर दोघांचं पटत होतं ना? मग कुठेतरी तो तिच्या डोक्यावरचं पान काढत असेल, ती त्याच्याकडे बघून जांभई देत असेल. माझ्या हातून कापलेल्या कितीतरी सीनमधला सगळ्यात चांगला लुक हा कट म्हटल्यानंतरचाच होता.

आता २१ चे १० कसे करायचे. आधी टाइमलाइन डुप्लिकेट कर, जुनी आहे तशी राहू दे, म्हणजे कापताना हात थरथरणार नाही. पहिली २ मिनिटं १० सेकंद, गजर वाजतो, तो उठतो, दात घासतो, आरशात बघतो, बूट घालतो, पूर्ण काढ. प्रत्येक स्टुडंट फिल्म गजराने का सुरू होते हे मला आजपर्यंत कळलेलं नाही, माझीही झाली होती. कॅन्टीनमधली मित्रांची कॉमेडी साडेतीन मिनिटं आहे, ४० सेकंद ठेव, तो जाड्या मित्र झकास आहे पण फिल्म त्याची नाही. मागे घडलेल्या गोष्टींचा मोंटाज २ मिनिटं, जे आपण पाच मिनिटांपूर्वीच बघितलंय तेच परत, जाऊ दे. तिचं स्लो मोशनमध्ये चालत येणं सव्वा मिनिट, तेही जाऊ दे, आणि ते तसंही अडखळतंय कारण २५ फ्रेमला शूट करून नंतर खेचलंय, स्लो मोशन करायचं तर शूटच ५० किंवा १०० फ्रेमला करावं लागतं, मागून खेचलं की फ्रेमा येणार कुठून. एंड टायटल १ मिनिट ४० सेकंद, २० सेकंदांत बसव, चहावाल्या काकांचे आभार राहू देत. झाले का, आलीस ११:२५ वर. रंकाळ्याचा सीन ५ चा पावणेचार झाला की १०:१०. पुढे तू डोळे मिटून कापशील. साडेनऊपर्यंत ने आणि तिथे थांब, वरचा वेळ तिच्या गप्प बसण्याला लागणार आहे.

आणि ते गप्प बसणं कापू नकोस प्लीज. तो विचारतो आणि ती उत्तर देत नाही, ही तुझी फिल्म आहे ना? तर आत्ता त्याच्या प्रश्नानंतर तू बरोबर दोन सेकंद दिलेत आणि लगेच पाण्याचा वाइड शॉट. दोन सेकंदांत माणूस चहाला पण हो-नाही सांगत नाही! सात-आठ सेकंद धर तिचा चेहरा. तुला एडिट करताना ते अनंत वाटेल कारण तू तो शॉट दोनशे वेळा बघितलायस, नवीन माणसाला नाही वाटणार. शंका आली तर घरातल्या कुणाला तरी बसवून दाखव, आणि तेव्हा स्क्रीनकडे बघू नकोस, त्यांच्याकडे बघ, फोनकडे हात कधी जातो तेवढं टिपून ठेव.

तू पत्रात खाली ताजा कलम लिहिलायस की टेक ३ मध्ये ओढणी डाव्या खांद्यावर आहे आणि बाकी सगळीकडे उजव्या, म्हणून तो वापरला नाही. ओढणी गेली खड्ड्यात. वॉल्टर मर्च म्हणून हॉलिवूडचा फार मोठा एडिटर आहे, त्याने कट कुठे मारायचा याचे सहा निकष दिलेत आणि प्रत्येकाला टक्के दिलेत, त्यात भावनेला एकटीला ५१ आणि कोण कुठे उभं आहे, कुणापासून किती लांब आहे असल्या जागेच्या कंटिन्युइटीला सगळ्यात शेवटी ४. अक्षरशः चार. ज्याला टरफल दिसेल त्याला ओढणी दिसणार नाही, आणि ज्याला ओढणी दिसली त्याला तसंही टरफल दिसणार नव्हतं. अगदीच जिवाला लागलं तर मध्ये हाताचा एक क्लोज टाक, ओढणीने तेवढ्या वेळात खांदा बदलला असं समजायचं.

कॅन्टीनमध्ये मात्र एक चूक खरी आहे. दोघं समोरासमोर बसलेत पण क्लोजमध्ये दोघंही डावीकडेच बघतात, त्यामुळे ती एकमेकांशी न बोलता दोघं मिळून तिसऱ्याच कुणाशी तरी बोलतायत असं वाटतं. दोघांना जोडणारी एक काल्पनिक लाइन धरायची असते, कॅमेरा ती ओलांडून पलीकडे गेला. हिरोइनचा शॉट आडवा फ्लिप करून चालेल असं वाटलं होतं पण तिच्या मागे मिसळचा बोर्ड आहे, तो उलटा होईल. हिरोचा फ्लिप कर, मागे कोरी भिंत आहे, फक्त शर्टाचा खिसा उजवीकडे जाईल, जरा झूम करून खिसा फ्रेमबाहेर काढ. तिथेच ट्यूबलाइटचे पट्टे पण फिरताना दिसतात, आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि फोनने ऑटोमध्ये भलताच शटर लावला, आता फार काही होणार नाही, पुढच्या वेळी २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवायचा. तो सीन ४० सेकंदांचाच राहणार आहे, निभेल.

कलरचं फार डोक्यात घेऊ नकोस. कॅमेरा आणि फोन जुळत नाहीत हे मान्य, फोनवाले शॉट कॅमेऱ्याच्या जवळ आण, व्हाइट बॅलन्स आणि त्वचेचा रंग तेवढा बघ, आणि तो केशरी-निळा रेडिमेड LUT, म्हणजे रंगांचा तयार फिल्टर, काढ, रंकाळ्याची संध्याकाळ मुळातच चांगली होती.

एक गोष्ट तुझ्या अजिबात लक्षात आलेली नाही. १५:०५ चा वाइड. हिरो-हिरोइनच्या मागे, कट्ट्यावर पुढे, एक खरं जोडपं बसलंय. तिने त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलंय. खरं सांगू तर तुझ्या अख्ख्या फिल्ममधला सगळ्यात कमी अवघडलेला शॉट तोच आहे, पण चेहरे ओळखू येतायत. ती कुणाची कोण आहेत, घरी माहीत आहे का नाही, आपल्याला काय माहीत. मी कॉलेजात असताना पुण्यात झेड ब्रिजवर अशीच फिल्म करायला गेलो होतो, ट्रायपॉड उघडल्याबरोबर अर्धा पूल रिकामा झाला, दुपट्टे काय, हेल्मेटं काय, एका पोराने तर बॅग तोंडावर धरली. तेव्हा आम्ही खूप हसलो होतो. नंतर आमच्यातल्याच एकीला तशाच दुसऱ्या कुणाच्या तरी व्हिडिओमुळे घरी काय ऐकून घ्यावं लागलं ते बघितलं आणि हसू गेलं. तो वाइड क्रॉप कर किंवा तेवढा भाग ब्लर कर, नाहीतर शॉटच बदल.

यावरूनच मिठीकडे येतो. हिरोइन नाही म्हणतेय ना, मग विषय संपला, हिरोला काय वाटतं हा मुद्दाच नाही, आणि तुला काय वाटतं हाही नाही. तिने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी काम केलं होतं, कॉलनीतल्या काकूंच्या फोनवर जाण्यासाठी नाही. तरीपण तू एडिटरचं मत विचारशील म्हणून तेही सांगतो, तो शॉट वाईट आहे. १४ सेकंद आहे आणि दोघं एकमेकांना असं धरतात जसं लग्नात लांबचे पाहुणे भेटतात, कोपरं बाहेर, मध्ये हवा. शिवाय ज्या मुलीने अजून उत्तरच दिलेलं नाही ती मिठी कशी मारेल? तू तुझाच शेवट खोडतेयस. कॉलेजच्या कटमधून पण काढ.

मग शेवट काय, तर तुझ्याकडे आहे. त्या सीनच्या एका टेकच्या शेवटी, तो उठून गाडीकडे गेल्यावर ती पुडीतल्या शेंगा परत बांधते, गाठ मारते आणि पर्समध्ये टाकते. बघ तो शॉट. मला तर तिथेच उत्तर कळलं.

आणि सबमिट करायच्या आधी लॉक केलेली फिल्म तिला एकटीला दाखव. मग दोघांकडून दोन ओळी लिहून घे, कॉलेजमध्ये दाखवायला चालेल का, फेस्टिव्हलला पाठवायला चालेल का, यूट्यूबवर, इन्स्टावर, प्रत्येकाचं वेगळं हो किंवा नाही. हे शूटच्या आधी करायचं असतं, राहिलं, आता कर. हिरोला फारच हौस असेल तर त्याच्या एकट्याच्या शॉटची तीस सेकंदांची रील कापून दे, पोरगं खूश होईल. आणि मिठीच्या रशेस कुणाकुणाच्या फोनमध्ये आहेत ते शोध, शूटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पण ब्लूपर म्हणून फिरत असतील. सगळ्यांना डिलीट करायला सांग, नुसतं सांगू नकोस, समोर बसून करून घे.

गाण्याचं. ३० सेकंदांपर्यंत चालतं हे कुठल्याही कायद्यात नाही, हे मी कॉलेजात होतो तेव्हापासून ऐकतोय, तेव्हा ते १० सेकंद होतं, महागाईबरोबर वाढलेलं दिसतंय. खाली क्रेडिट दिलं की चालतं हेही तसंच. १९५८ चं गाणं आहे म्हणजे जुनं झालं असं तू लिहितेस, तर आपल्याकडे रेकॉर्डिंगचा कॉपीराइट ६० वर्षांचा असतो, तो तिथे संपला असेलही, पण शब्द लिहिणाऱ्याचा आणि चाल लावणाऱ्याचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे गाणं बहुतेक अजून मोकळं नाही. वर्गात दाखवलंस तर कुणी पोलीस पाठवणार नाही गं, पण उद्या फेस्टिव्हलला पाठवायचं झालं की म्युझिकचे हक्क तुमच्याकडे आहेत का ही पहिली ओळ असते फॉर्मवर, आणि यूट्यूब तर अपलोड होतानाच पकडतं. तेव्हा पूर्ण फिल्म पुन्हा उकलत बसशील.

त्यापेक्षा वर्गातलं कुणी बासरी, पेटी, गिटार काहीतरी वाजवत असेलच, त्याला लॉक झालेला सीन दाखव आणि चार सूर वाजवायला सांग, लेखी परवानगी घे, नाव मोठं दे. आणि रंकाळ्याच्या सीनला काहीच नको, म्युझिक शून्य. मी म्यूट करून बघितलं तेव्हा तो सीन कळला होता. तुमच्याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा तयार करून सिनेमे काढले ते मुकेच होते, आणि लोक बघायचे. तुझ्याकडे निदान भेळवाल्याची पळी तरी आहे.

१२ दिवस खूप आहेत. चार दिवसांत पिक्चर लॉक कर, आणि लॉक म्हणजे लॉक, त्यानंतर कट हलवायचा नाही. पुढचे चार दिवस आवाजाला दे, एक दिवस कलरला, एक दिवस नुसता एक्सपोर्टला, कारण पहिला एक्सपोर्ट कधीच बरोबर येत नाही, दुसऱ्यात टायटलमधला काना-मात्रा चुकलेला असतो. दोन दिवस हातात ठेव. लॅपटॉप अडकत असेल तर प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या कॉपी, बनवून एडिट कर. आणि हे वाचता वाचताच उठ आणि सगळं फुटेज दुसऱ्या हार्ड डिस्कवर कॉपी करून ती डिस्क मैत्रिणीच्या घरी ठेव, स्वतःच्या नको. झेड ब्रिजच्या आमच्या फिल्मची एकच टेप होती, तिच्यावर एकाने बहिणीचा साखरपुडा शूट केला.

नवीन कट पाठव. सोमवारच्या आत पाठवलास तर बघतो, नंतर माझे दोन महाएपिसोड आहेत. आणि ती शेंगांची पुडी बांधायचा शॉट मिळाला का तेवढं आधी कळव.